एक पद, अनेक गळे

फैजपूरचे नाव निघाले की इतिहासाच्या जाणकारांना १९३६ च्या डिसेंबरातील काँग्रेस अधिवेशन आठवते. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. अध्यक्षपदी पंडित नेहरू होते आणि नंदलाल बसूंच्या कल्पनेतून बांबू-तट्ट्यांचे टिळकनगर उभे राहिले होते. इतरांना हे गाव केळीच्या बागांमुळे ठाऊक असते. संगीत नाटकाचा विषय निघाला म्हणजे मात्र पुणे, मुंबई, सांगली, बडोदे, हुबळी अशी नावे घेतली जातात. फैजपूरचे नाव कोणी घेत नाही. तरीही प्रस्तुत लेखाचा आरंभ फैजपुरातूनच करणे भाग आहे.

एकादशीच्या रात्री येथील एका मंदिरात भजन चालले होते. मंडळात केळीच्या मळ्यातून संध्याकाळी परतलेले शेतकरी, एक-दोन निवृत्त शिक्षक आणि पेटीवर एक शिंपी. पहाटेच्या सुमारास त्यांनी भैरवीत ‘अगा वैकुंठीच्या राया’ घेतले. आळवणी इतकी जिव्हाळ्याची होती की टाळ आपोआप मंदावले. भजन संपल्यावर चालीविषयी विचारले असता पेटीवाल्यांनी उत्तर दिले, ‘आमची वाडवडिलांपासूनची चाल आहे ही.’ उत्तर प्रामाणिक होते. वस्तुतः ती चाल रंगभूमीवरून आलेली. पंधराव्या शतकातील संत कान्होपात्रेचा हा अभंग १९३१ साली ना. वि. कुलकर्णी यांच्या ‘संत कान्होपात्रा’ या नाटकात बालगंधर्वांनी गाइला, मास्टर कृष्णरावांच्या संगीतात. म्हणजे देवळातला अभंग नाटकगृहात गेला, तेथे नवे रूप लेवून तबकडीवर चढला आणि तबकडीवरून पुन्हा देवळात परतला. या प्रवासात मूळ गायक कोण आणि पुनर्गायक कोण, हे ठरवणे सोपे नाही.

पाश्चात्य संगीतात एका कलावंताने प्रसिद्ध केलेले गाणे दुसऱ्याने आपल्या पद्धतीने गाइले तर त्यास ‘कव्हर’ म्हणतात. हा शब्द आता आपल्याकडील तरुणांच्याही तोंडी रुळला आहे. नाट्यपदाच्या बाबतीत मात्र तो जरा तोकडा पडतो, कारण त्यात एक मूळ गाणे आणि बाकीच्या नकला असे गृहीत धरलेले असते. मराठी नाट्यसंगीताचा एकशे चाळीस वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहिला तर ‘मूळ गाणे’ ही गोष्टच हाती लागत नाही.

न ऐकलेला मूळ आवाज

अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगभूमीवर आले आणि ‘संगीत सौभद्र’ १८ नोव्हेंबर १८८२ रोजी. सौभद्रातील पहिली सुभद्रा म्हणजे भाऊराव कोल्हटकर. बडोद्याहून आलेल्या या तरुणाच्या आवाजाची समकालीनांनी केलेली वर्णने वाचली की हेवा वाटतो. परंतु भाऊरावांचे निधन १९०१ साली झाले आणि ग्रामोफोन कंपनीचे लोक ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन कलकत्त्यास उतरले ते १९०२ च्या अखेरीस. अवघ्या दीड-दोन वर्षांनी हुकलेला हा योग. ‘वद जाऊ कुणाला’ हे पद भाऊरावांनी कसे गाइले, कोणत्या शब्दावर श्वास घेतला, कोठे थबकले, हे सांगू शकणारा एकही माणूस आता हयात नाही आणि एकही तबकडी नाही.

मग आपण सौभद्राची ‘मूळ’ गाणी म्हणून जी ऐकतो ती काय आहेत? ती सर्व पुनर्गायने आहेत. भाऊरावांची सुभद्रा पुढे बालगंधर्वांकडे आली. बालगंधर्वांनंतर ती स्त्रियांकडे आली, आणि हा बदल वाटतो तितका साधा नव्हता. तोवर पुरुषाने स्त्रीचे सोंग घेऊन स्त्रीचा शोक गाइला होता. त्या गाण्यात स्त्रीत्व सिद्ध करण्याची एक धडपड असे, लाडिक मुरके असत. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस हिराबाई बडोदेकर आपल्या भावंडांसह ‘नूतन संगीत नाटक मंडळी’च्या रंगमंचावर उभ्या राहिल्या, तेव्हा स्त्रीत्व सिद्ध करण्याची ती गरजच संपली. पुढे जयमाला शिलेदार आणि त्यांची कन्या कीर्ती शिलेदार यांनी हीच पदे ‘मराठी रंगभूमी’ या आपल्या संस्थेच्या नाटकांतून पिढ्यान्‌पिढ्या जागती ठेवली. कीर्तीताई २०१८ साली मुलुंड येथे झालेल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा होत्या. २०२२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. त्यांची सुभद्रा ऐकताना बालगंधर्वांची सावली जाणवते हे खरे, परंतु बंधूवर रुसलेली, घाबरलेली, तरीही हट्टी अशी एक मुलगी त्या सावलीबाहेर स्पष्ट दिसते. प्रस्तुत लेखकास ते पद त्यांच्या कंठातूनच अधिक पटते. हे मत सर्वांना मान्य होईल अशी अपेक्षा नाही.

चालींचेही तेच. नाट्यसंगीताच्या पहिल्या पिढीने साकी, दिंडी, लावणी, कानडी पदे यांच्या चाली उचलल्या. १९११ सालच्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-दादऱ्यांचा आधार घेतला आणि त्या चालींवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी शब्द बसवले. १९१६ सालच्या ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी ख्यालगायकीची दारे उघडली, ‘नाथ हा माझा’ यमनात आले, ‘मम आत्मा गमला’ बिहागात, ‘स्वकुलतारक सुता’ भीमपलासात. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’मधील चालींमागे सुंदराबाई जाधव यांचा हात होता. मराठी नाट्यपद जन्माला आले तेच मुळी दुसऱ्या गाण्याच्या अंगावरचे वस्त्र मागून घेऊन. तेव्हा ‘आमच्या मूळ चालीला हात लावू नका’ असे कोणी आवेशाने सांगू लागले की थोडे हसू येते.

तबकडीने दिले आणि नेले

खानदेशाला नाट्यसंगीत मिळाले ते दोन वाटांनी. एक वाट रेल्वेची. भुसावळ आणि जळगाव ही स्थानके हमरस्त्यावरची, त्यामुळे फिरत्या मंडळींना ती सोयीची. फैजपूर-यावलकडील रसिकांना सावद्याचे स्टेशन गाठून किंवा बैलगाडीने नाटकाला जावे लागे. दुसरी वाट तबकडीची, आणि पुढे आकाशवाणीची. खरे सांगायचे तर लहान गावांतील बहुतेकांनी बालगंधर्वांना पाहिले नाही, फक्त ऐकले.

स्वतः बालगंधर्वांचा जळगावशी संबंध मात्र तबकडीच्याही आधीचा आहे. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाच्या बालपणाचा काही काळ जळगावात गेला आणि तेथे मेहबूबखाँ यांच्याकडे त्याला गाण्याचे प्राथमिक धडे मिळाले. जळगावातील खुल्या नाट्यगृहास बालगंधर्वांचे नाव आहे आणि त्यांच्याच नावाचा संगीत महोत्सवही शहरात भरतो. खानदेशी माणूस ‘नारायणराव आमचे’ असे म्हणतो, त्यात थोडी अतिशयोक्ती असली तरी अगदीच खोटेपणा नाही.

तबकडीने नाट्यपदाचे जतन केले, पण त्याचा आकारही बदलला. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगमंचावर हेच पद ‘वन्स मोअर’ घेत घेत कितीतरी लांबत असे आणि प्रत्येक ‘वन्स मोअर’ला निराळ्या जागा निघत. तबकडीत बसवताना गायकाला त्या रात्रीच्या शंभर जागांपैकी दहा निवडाव्या लागत. त्या दहा जागा पुढे प्रमाण ठरल्या. जो गायक स्वतः एकच पद दोनदा सारखे गात नव्हता, त्याच्या एका दुपारच्या ध्वनिमुद्रणाची अक्षरशः नक्कल करणे म्हणजे परंपरा, असा एक विचित्र समज महाराष्ट्रभर पसरला. पेटीवर साथ करणाऱ्यांना तर तबकडीतील एखादी चुकून लागलेली हरकतही पाठ असते.

उमजलेले बालगंधर्व

या समजाला पहिला मोठा धक्का दिला तो कुमार गंधर्वांनी. १९६५ साली त्यांनी ‘मला उमजलेले बालगंधर्व’ हा कार्यक्रम सादर केला. पुढे त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. बालगंधर्व त्या वेळी हयात होते; त्यांचे निधन १५ जुलै १९६७ रोजी झाले. हयात असलेल्या, अवघ्या महाराष्ट्राने देवघरात बसवलेल्या गायकाची पदे दुसऱ्या मोठ्या गायकाने जाहीरपणे मांडणे हे धाडस होते.

त्या शीर्षकातील ‘उमजलेले’ हा शब्द फार महत्त्वाचा आहे. कुमारांनी ‘बालगंधर्वांची गाणी’ म्हटले नाही, ‘बालगंधर्वांच्या आठवणी’ म्हटले नाही. मला जे उमजले तेवढेच मी गाईन, असा त्याचा अर्थ. त्यात नम्रता आहे आणि एक ठाम दावाही आहे.

कुमारांचा गळा बालगंधर्वांच्या गळ्यासारखा नव्हता. क्षयाच्या दीर्घ आजाराने त्यांचे एक फुफ्फुस निकामी झाले होते. देवासला वर्षानुवर्षे अंथरुणावर काढल्यानंतर त्यांनी लहान लहान श्वासांत मावणारी स्वतःची गायकी घडवली होती. बालगंधर्वांची लांब, लडिवाळ, तालाच्या अंगाने डुलत जाणारी ओळ या गायकीत जशीच्या तशी मावणे शक्यच नव्हते. कुमारांनी ती मोडली. शब्दाचे एखादे अक्षर उचलून समोर धरावे, क्षणभर थांबावे, मग उरलेली ओळ एकदम सोडावी, अशी त्यांची पद्धत. ‘नाथ हा माझा’ ऐकताना रुक्मिणीचा साजशृंगार कोठे दिसत नाही. तिच्या मनात चाललेला विचार मात्र ऐकू येतो. बालगंधर्वांचे ते पद रंगमंचावर घडते, कुमारांचे डोक्यात.

हे सर्वांना रुचले नाही. जुन्या रसिकांना त्यात लालित्य कमी वाटले. आजही फैजपूर-सावदा परिसरातील काही ज्येष्ठ मंडळी कुमारांची ती ध्वनिमुद्रिका ‘बुद्धीची’ म्हणून बाजूला ठेवतात. त्यांचे म्हणणे पूर्णपणे फेटाळता येत नाही: बालगंधर्वांच्या गाण्यातले निर्व्याज सुख कुमारांकडे नाही. परंतु बालगंधर्वांची लय किती सूक्ष्म होती, ते शब्दाला तालाच्या किती जवळ किंवा लांब ठेवत, हे कुमारांचे गाणे ऐकल्यावर मूळ तबकडीकडे परत गेले म्हणजे प्रथमच नीट कळते. चांगल्या पुनर्गायनाची ही एक खूण मानावी काय? ते ऐकल्यावर जुने गाणे पुन्हा ऐकावेसे वाटते आणि ते पूर्वीपेक्षा निराळे ऐकू येते.

याच दशकात सातासमुद्रापार असेच काही घडत होते. ‘साउंड ऑफ म्युझिक’ हे संगीत नाटक १९५९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. त्यातील ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे साधेसुधे गाणे जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाने १९६१ च्या ध्वनिमुद्रिकेत जवळजवळ चौदा मिनिटे वाजवले. शब्द नाहीत, नाटक नाही. उरली ती चाल आणि तिच्याभोवती घेतलेल्या प्रदक्षिणा. कुमारांना हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण नाटकातले गाणे नाटकाबाहेर काढून त्याचा स्वतंत्रपणे विचार करता येतो, ही जाणीव दोन्हीकडे एकाच सुमारास पक्व झालेली दिसते.

थाळनेरच्या लेकी

तापीकाठचे थाळनेर हे गाव आज धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात आहे. फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. संगीताच्या दृष्टीने या गावाचे महत्त्व वेगळे आहे: मास्टर दीनानाथ मंगेशकरांची सासुरवाडी थाळनेरची. लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ यांची आई, माई मंगेशकर, ही थाळनेरच्या लाड कुटुंबातील. मंगेशीचा गळा आणि तापीचे पाणी असा हा योग आहे, आणि खानदेशाने तो पुरेसा मिरवलेला नाही.

दीनानाथांच्या गाण्यातून पुनर्गायनाचा एक गमतीदार गोंधळ उभा राहतो. ‘मानापमान’मधील ‘रवि मी’ किंवा ‘चंद्रिका ही जणू’ ही पदे आज कोणालाही विचारली तरी ‘दीनानाथांची’ असेच उत्तर येते. प्रत्यक्षात ‘मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत प्रथम झाले तेव्हा दीनानाथ दहा वर्षांचे होते. पहिले धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. त्यांच्यानंतर खुद्द गोविंदराव टेंब्यांनी ही भूमिका केली, केशवराव भोसल्यांनी केली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या ‘संयुक्त मानापमाना’त केशवराव धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. दीनानाथ या रांगेत मागाहून आले. पंजाबी अंगाच्या, विजेसारख्या तानांनी त्यांनी त्या पदांना असे वळण दिले की आधीचे सर्व धैर्यधर विस्मृतीत गेले. ज्याला आपण मूळ समजतो ते येथे चक्क दुसरे किंवा चौथे गायन आहे.

दीनानाथांचे निधन २४ एप्रिल १९४२ रोजी, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका मोजक्या आणि जुन्या यंत्रावरच्या. ती गाणी नव्या काळात पोहोचली ती प्रामुख्याने दोन मार्गांनी: त्यांच्या मुलांच्या कंठातून आणि वसंतराव देशपांड्यांच्या.

आशा भोसल्यांनी गाइलेली ‘चंद्रिका ही जणू’ आणि ‘परवशता पाश दैवे’ ही पदे येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटतात. दुसरे पद वीर वामनराव जोशांच्या ‘रणदुंदुभी’ या १९२७ सालच्या नाटकातले. पारतंत्र्याचा फास या विषयावरचे पद, परकी सत्ता डोक्यावर असताना लिहिलेले. आशाबाईंनी ते गाइले तेव्हा देश स्वतंत्र होऊन काळ लोटला होता. नाटक विसरले गेले, प्रसंग गेला, इंग्रज गेले; राहिला तो मुलीने आठवलेला वडिलांचा सूर. चित्रपटसंगीतात हजार रूपे घेणारा हा आवाज येथे मात्र दीनानाथांच्या फिरतीला घट्ट धरून राहतो. नक्कल आणि निष्ठा यांमधील फरक कोणास समजावून द्यावयाचा असेल तर ही ध्वनिमुद्रिका पुरेशी आहे.

लताबाईंनी सांगितलेली एक आठवण या विषयात सर्वांत मोलाची वाटते. मनमाडच्या मुक्कामात ‘सौभद्र’चा प्रयोग होता, दीनानाथ अर्जुन. नारदाचे काम करणारा नट ऐनवेळी उभा राहू शकला नाही. सात-आठ वर्षांची लता म्हणाली, ‘मी करते.’ नारदाची वस्त्रे नेसून ती मुलगी रंगमंचावर गेली आणि ‘पावना वामना’ गाऊन तिने ‘वन्स मोअर’ मिळवला. त्या गाण्याची कोठे तबकडी नाही. मनमाडच्या त्या रात्रीच्या प्रेक्षकांनी आपण काय ऐकत आहोत याची कल्पनाही केली नसेल. एक नारद आजारी पडला म्हणून दुसरा उभा राहिला, एवढेच त्यांच्या लेखी घडले. फिरत्या नाटक मंडळ्यांत पुनर्गायन हे असे रोजच्या गरजेतून घडत होते. त्याला सिद्धांताचे पाठबळ लागत नव्हते.

वसंतराव देशपांडे हे विदर्भातले, जन्म मूर्तिजापूरचा. दीनानाथांच्या गायकीवर त्यांचे अपार प्रेम, पण ते प्रेम शिष्याचे नव्हते, जिद्दी भाच्याचे होते असे म्हणावे. दीनानाथांची पदे वसंतराव गात तेव्हा मध्येच लयीशी अशी झटापट करीत की समेवर ते येतील की नाही याची धास्ती पडे. सम साधली की सभागृहातून श्वास सुटल्याचा आवाज येई. त्यांची प्रत्येक मैफल वेगळी, त्यामुळे त्यांच्या नाट्यपदांची ‘एक’ ध्वनिमुद्रिका निवडणे व्यर्थ आहे. मिळेल ती ऐकावी.

एकाच नाटकात दोन चाली

‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक २४ डिसेंबर १९६७ रोजी रंगभूमीवर आले, संगीत जितेंद्र अभिषेकींचे. त्याचे कथानकच मुळी दुसऱ्याची गायकी घेण्याविषयीचे आहे. गायकी मिळवण्यासाठी शिष्य वेष पालटून शत्रूच्या घरी राहतो. गाणे कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न येथे कट्यारीच्या टोकावर उभा आहे. आणि अभिषेकीबुवांनी त्याचे उत्तर वादविवादातून न देता संगीतातून दिले: ‘घेई छंद’ हे एकच पद पंडितजींच्या मुखी एका चालीत आणि खाँसाहेबांच्या मुखी दुसऱ्या चालीत. शब्द तेच, स्वभाव दोन. पहिल्या प्रयोगांत भार्गवराम आचरेकर पंडितजी होते, प्रसाद सावकार सदाशिव आणि वसंतराव देशपांडे खाँसाहेब आफताब हुसेन.

या नाटकाचे पुढील जीवनही पुनर्गायनाचेच. वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी ते २०१० साली पुन्हा रंगभूमीवर आणले. २०१५ च्या चित्रपटात खाँसाहेबांच्या भूमिकेतील सचिन पिळगावकरांना राहुल देशपांड्यांनीच आवाज दिला, सदाशिवाच्या भूमिकेतील सुबोध भाव्यांना अभिषेकीबुवांचे शिष्य महेश काळे यांनी, तर पंडितजी झालेले शंकर महादेवन स्वतः गाइले. त्या चित्रपटानंतर फैजपूरसारख्या गावांतही महाविद्यालयीन मुले भ्रमणध्वनीवर नाट्यपदे ऐकू लागली, हे प्रत्यक्ष पाहिलेले आहे. शुद्धतावाद्यांनी वाद्यमेळाच्या गर्दीविषयी नाक मुरडले. नाक मुरडण्यास जागा होती, पण त्या मुलांपैकी काहींनी तेथून मागे जात वसंतराव शोधून काढले, हेही खरे.

२०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटाविषयी थोडक्यात. पार्श्वगायन आनंद भाटे यांचे. त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बालवयापासून बालगंधर्वांची पदे गाणारा आणि पुढे भीमसेन जोशींकडे शिकलेला हा गायक. त्याने येथे मुद्दाम बालगंधर्वांच्या अगदी जवळ राहणे पसंत केले. चित्रपटाची ती गरजच होती. कुमारांच्या वाटेच्या अगदी उलट वाट, आणि तीही तितकीच कष्टाची.

मैफलीतील नाट्यपदे हा आणखी एक मोठा प्रांत. त्यातील एकच उदाहरण पुरे. प्रभाकर कारेकरांचे ‘प्रिये पहा’. सौभद्रातील कृष्णाचे हे पद देसकारात बांधलेले, उषःकालाचे वर्णन करणारे. छोटा गंधर्वांच्या कृष्णाने एका पिढीला वेड लावले होते. ‘नच सुंदरी’ म्हणताना त्यांच्या आवाजातला खट्याळपणा ऐकणाऱ्याला अजून आठवतो. कारेकरांनी कृष्णाचा खट्याळपणा बाजूला ठेवून पहाट तेवढी घेतली. रंगमंच नाही, रुक्मिणी नाही. मोकळा, उंच, गोव्याच्या मातीतला आवाज आणि उजाडत चाललेले आकाश. आपल्याकडे हे पद बहुधा रात्री साडेदहाच्या सुमारास, फर्माईश म्हणून गायले जाते. तरीही उजाडते. कारेकर २०२५ च्या फेब्रुवारीत गेले.

जाता जाता एक निरीक्षण. दीनानाथ, अभिषेकी, कारेकर, प्रसाद सावकार, रामदास कामत ही सारी माणसे गोव्याची. चांगले नाट्यपद गायचे तर गोव्यात जन्मावे लागते, असे एक ज्येष्ठ पेटीवादक अर्ध्या थट्टेने म्हणत असत. खानदेशी श्रोते यावर फक्त थाळनेरचे नाव घेतात आणि गप्प बसतात.

‘गळा’ आणि ‘गया’

काही वर्षांपूर्वी खानदेशातील एका नाट्यगीत स्पर्धेत प्रस्तुत लेखक तीन परीक्षकांपैकी एक होता. दहावीतील एक मुलगी फैजपूरजवळच्या खेड्यातून आली होती. तिने ‘परवशता’ निवडले. तबकडीवरच्या ताना तिला येत नव्हत्या आणि तिने त्या घेण्याचा प्रयत्नही केला नाही. पद तिने संथ गाइले, शब्दांना वजन देऊन. ‘गळा’ या शब्दापाशी मात्र तिच्या तोंडून ‘गया’ असे आले.

ज्यांना फैजपूर-यावल-रावेरकडील लेवा बोली ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. डोळ्याचा डोया होतो, मळ्याचा मया. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत हाच उच्चार आहे आणि तेथे अवघा महाराष्ट्र त्याचे कौतुक करतो. एका सहपरीक्षकांनी मात्र ‘अशुद्ध उच्चार’ असा शेरा लिहिला. दुसऱ्यांनी ‘ताना नाहीत’ असे लिहिले. पहिला क्रमांक एका मुलाला मिळाला. त्याने ध्वनिमुद्रिकेतली प्रत्येक हरकत, अगदी श्वासासकट, उतरवली होती. त्याचे कष्ट खोटे नव्हते. गुणांची बेरीज झाली आणि प्रस्तुत लेखकाने सही केली. उच्चाराचे नियम स्पर्धेच्या पत्रकात छापलेले होते, वेळ रात्रीची होती, आणि वाद घालण्याची उमेद त्या क्षणी झाली नाही. ही सही अजून खुपते.

नाट्यपदाचे उच्चार प्रमाण असावेत यात काही तथ्य आहेच. शब्द कळला नाही तर पद उरत नाही. पण त्या मुलीचा शब्द कळला होता. सभागृहातील पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सर्वांना कळला होता, कारण सभागृहातील निम्मी माणसे घरी तसेच बोलतात. भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे, केशवराव भोसले कोल्हापूरचे, दीनानाथ मंगेशीचे. या सर्वांचे मराठी उच्चार तंतोतंत एकसारखे असतील असे मानायला आधार नाही. बालगंधर्वांच्या तबकड्यांतील काही शब्दांचे लडिवाळ उच्चार आजच्या कोणत्याही परीक्षकाने अशुद्ध ठरवले असते. ते उच्चार त्यांचे म्हणून आपण पाठ केले.

कार्यक्रमानंतर मुलीचे वडील भेटले. केळीचे व्यापारी, सावद्याच्या स्टेशनावर माल चढवून थेट आलेले. मुलीला बक्षीस का मिळाले नाही असे त्यांनी विचारले नाही. ते म्हणाले, ‘साहेब, हे पद आमच्या आजोबांच्या तोंडी होतं. ते छत्तीसच्या अधिवेशनाला गेले होते. त्यांनी तबकडी कधी ऐकली नव्हती, कुठून तरी उचललं होतं. ही त्यांच्यासारखंच म्हणते, हळू.’

त्या आजोबांनी ते पद कोठून उचलले असेल याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला, तो साधला नाही. एखाद्या नाटकातून, एखाद्या प्रभातफेरीतून, की दुसऱ्या कोणा ‘गया’ म्हणणाऱ्या गळ्यातून, सांगता येत नाही. मुलगी पुढे शिक्षणासाठी जळगावला गेली. एकादशीला गावी असली तर ती मंदिरातील भजनी मंडळात बसते, आणि पेटीवाले शिंपी तिला पहिला सूर देतात.